डाळीची वही

आमच्या घरात तुरीची डाळ शिजायला रोज किती वेळ लागतो याची एक वही होती. हे सांगितलं की लोक हसतात. मीही पुष्कळ वर्षं ते हसत हसतच सांगत आले, पण आता वय झालंय आणि उगाच हसायचा कंटाळा आलाय. ती वही गमतीची नव्हती. माझ्या आईविरुद्ध घरात एक खटला चालला होता, त्याची ती वही होती, आणि त्या खटल्यात कारकुनाचं काम वयाच्या नवव्या वर्षापासून मी केलं. म्हणून हे प्रकरण लिहिताना मी कुणाला सोडणार नाही आणि स्वतःलाही सोडणार नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत थर्मामीटर तपासायचे. ठिकठिकाणांहून थर्मामीटरांच्या पेट्या यायच्या. नाना ते बर्फात बुडवायचे, वाफेत धरायचे, कुठला किती चुकतो ते लिहायचे आणि जो चुकत नाही त्याला तसं प्रमाणपत्र द्यायचे. त्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. पण संध्याकाळी घरी आल्यावर कोट खुंटीला लागायचा, स्वभाव काही लागायचा नाही. आमच्या घरात पाण्याच्या बंबात किती बादल्या मावतात, माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत किती इंच वाढला, कंदिलाची वात किती दिवसांत किती जळते, हे सगळं नानांना ठाऊक असायचं. मला त्यांनी मोजपट्टी वाचायला शिकवली ती अ-आ-ई शिकवण्याच्या आधी. डोळा अगदी समोर ठेवायचा, तिरका पाहायचा नाही. पट्टीचं टोक झिजलेलं असतं म्हणून शून्यापासून मोजायचं नाही, एकपासून मोजायचं आणि मग एक वजा करायचा. एकदा मोजलेलं मोजलेलं नव्हे, तीनदा मोजायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो मला झोपेतून उठवून विचारला तरी म्हणता येत असे: दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही.

बसवनगुडीत, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक आडवी गल्ली होती, तिथल्या एका घराच्या मागच्या भागात आम्ही राहायचो. पुढच्या भागात घरमालकीण लक्ष्मक्का. सकाळी जाग यायची ती तिच्याकडच्या वाटण्याच्या दगडाच्या घरघरीने, त्यातच फुलवालीची लांबलचक हाक आणि कुणाकडे तरी कॉफीच्या बिया भाजल्याचा वास. आमचं स्वयंपाकघर तिच्या मागच्या अंगणाकडे उघडायचं. आई रत्नागिरीची. मी चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो, आणि आईला इथली थंडी आवडली, फुलं आवडली, लक्ष्मक्का तर फारच आवडली. तिला न आवडलेली गोष्ट एकच, ती म्हणजे इथली डाळ. नारळ, चिंच, गूळ सगळं मिळायचं, कुळीथसुद्धा मिळायचे, पण कोळशाच्या शेगडीवर वरणाची डाळ ठेवली की ती नुसती नाचायची, शिजायची नाही. पाणी खळाखळा उकळतंय, भांड्यावरचं झाकण थडथड वाजतंय, आणि दाणा बोटांत धरला तर मधोमध कच्चा. तसल्या झाकणाची थडथड आजही कानावर आली की मी आधी घड्याळाकडे बघते.

नानांचं म्हणणं असं की त्यांच्या आईची डाळ रत्नागिरीला पाऊण तासात लोण्यासारखी व्हायची. इथे तासाच्या वर जातो, याचा अर्थ आईचं लक्ष नसतं. शेगडी मंदावते आणि ही लक्ष्मक्काशी गप्पा मारत उभी राहते. आई म्हणाली, "मी हलतसुद्धा नाही हो शेगडीपासून." नाना म्हणाले, "तुला वाटतं तसं. आपण मोजू." आणि मोजायला लागले.

वही लांबट, पुठ्ठ्याची, ऑफिसात नोंदींना असते तसली. महिना लागला की नाना पानावर रेघा मारून तारखा आधीच घालून ठेवायचे. रकाने पाच: तारीख, ठेवली, शिजली, लागलेला वेळ, शेरा. साडेसातला आई शेगडीवर भांडं चढवून "ठेवली" म्हणायची, मी भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहायची. मग नाना पेपर वाचत बसायचे. अधूनमधून उठून स्वयंपाकघरात यायचे, पळीतून दोन दाणे काढायचे, बोटांत दाबायचे, आणि न बोलता परत जायचे. दाणा मधोमध दबला की तेच "शिजली" म्हणायचे. ते ठरवायचा हक्क आईला नव्हता. मी वेळ लिहायची. शेरा मात्र ते स्वतः लिहायचे. मंद शेगडी. दुर्लक्ष. शेजारणीशी बोलणे. पुन्हा दुर्लक्ष. चार रकान्यांत दिसलेलं आणि पाचव्यात वाटलेलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मोठ्या माणसाने सुबक अक्षरात लिहिलं की ते खरंच वाटतं.

लक्ष्मक्काने उपाय सांगितला होता. तिच्या आणि आईच्या बोलण्यात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी असायचं. "तासभर भिजव, स्वल्प एरंडेल तेल घाल, सरी होतं," म्हणजे नीट होतं, असं ती म्हणाली. आईने एक दिवस तसं केलं आणि डाळ खरोखर लवकर शिजली. नानांनी ती नोंद रद्द केली. रत्नागिरीला त्यांची आई डाळ भिजवत नसे, तेव्हा भिजवलेली डाळ तुलनेला चालायची नाही. भिजवायला बंदी झाली. मी आज विचार करते की त्या माणसाला मऊ वरण हवं होतं की आकडा हवा होता. उत्तर अवघड नाही.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आठवड्याची सरासरी काढायची. मी काढायची आणि नाना तपासायचे. एकदा मी भागाकार पुढे नेऊन मिनिटांखाली सेकंदही काढले, तर त्यांनी पान फाडायला लावलं. घड्याळ मिनिटापर्यंतच वाचलं असेल तर सरासरी सेकंदात येते कुठून, असं म्हणाले. बरोबरच होतं ते. नाना असं पुष्कळ बरोबर बोलायचे, म्हणून तर त्यांचा राग करायलाही पुरावा लागायचा. आणखी एकदा मी सकाळची नोंद विसरले आणि संध्याकाळी आठवून भरली. तेव्हा त्यांनी मला ऑफिसातली रीत सांगितली. मागाहून भरलेली नोंद धरत नाहीत. ती खरी आहे असं साहेबाला पटलं तर तो तिच्यापुढे "उशिरा नोंद" असं लिहितो, खाली सही करतो, सहीखाली तारीख घालतो, मगच ती खरी नोंद म्हणून जमेस येते. त्यांनी माझ्या त्या नोंदीपुढे तसं लिहून सही केली. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

सरासरी काढून झाली की ती मोठ्याने वाचायची. एक तास आठ मिनिटं. एक तास पाच मिनिटं. आई तेव्हा मागची भांडी आवरत असायची. नाना म्हणायचे, "ऐकलंस ना?" आई म्हणायची, "ऐकलं." एवढंच. तिला मी त्यावर भांडताना पाहिलं नाही, आणि त्या वयात मला वाटायचं की हिला स्वतःची चूक कळतेय म्हणून ही गप्प आहे. माझा नातू आता व्हाइटफील्डला नोकरी करतो, त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याची पावलं मोजतं, झोप मोजतं. परवा त्याने तसलं एक मला आणून दिलं. मी ते कपाटात ठेवून दिलं. मोजून घ्यायची मला हौस नाही, असं म्हणाले, तर त्याला वाटलं आजीला नवीन यंत्रांची भीती वाटते.

मी तेरा वर्षांची असताना माई आत्या आली. नानांची थोरली बहीण, रत्नागिरीहून पहिल्यांदाच इतकी लांब आलेली. आईला त्या दिवसांत ताप होता, म्हणून चार दिवस स्वयंपाक आत्याने केला. पहिल्या दिवशी मी वही घेऊन बसले, आत्याने भांडं चढवलं, मी वेळ लिहायला पेन्सिल टेकवली, तेवढ्यात नाना म्हणाले, "हे राहू दे. पाहुण्यांचं लिहायचं नसतं." मी वही मिटली. आत्याची डाळ तासानंतरही नाचतच होती. ती तोंडाने अखंड बोलत होती, की ही कसली डाळ, कसला कोळसा, कुठल्या गावी येऊन राहिलात रे तुम्ही. नानांनी पेपर खाली ठेवला नाही. म्हणाले, "प्रवासाने दमली आहेस, ताई." चारही दिवस ती दमलेलीच राहिली. आई आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडली होती, तिथून आत्याचं सगळं बोलणं ऐकू येई आणि भिंतीवरचं घड्याळ दिसत असे. आत्या गेली, आईचा ताप उतरला आणि वही पुन्हा सुरू झाली. पानावर आधीच घातलेल्या तारखांपुढे चार ओळी कोऱ्या राहिल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी शाळेत प्रयोगाची वही आली. शाळा सोडायच्या वर्षाला विज्ञानाच्या गुणांत काही गुण त्या वहीचे असायचे, आणि वहीवर बाईंची सही नसेल तर ते सगळे जायचे. मला विज्ञान घेऊन कॉलेजला जायचं होतं. ते गुण गेले तर मला विज्ञानाची जागा मिळणार नव्हती, इतकं ते सरळ होतं. आमच्या विज्ञानाच्या बाई, सरोजम्मा मिस, उंच, इस्त्रीच्या साडीतल्या, आणि हातात नेहमी पुस्तक. एका सोमवारी त्यांनी थर्मामीटर दिले: बर्फाचं तापमान घ्या, मग उकळत्या पाण्याच्या वाफेचं घ्या आणि लिहा. बर्फात माझा पारा बरोब्बर शून्यावर आला. वाफेत तो भराभर चढला आणि सत्त्याण्णववर थांबला. मी वाट पाहिली. डोळा समोर आणला. काढला, पुसला, पुन्हा धरला. सत्त्याण्णव, सत्त्याण्णवला जरा कमी, पुन्हा सत्त्याण्णव. तीन वाचनं लिहिली आणि खाली लिहिलं: पाणी सत्त्याण्णव अंश सेंटिग्रेडला उकळलं.

वर्गातल्या बाकी सगळ्या मुलींचं शंभर आलं होतं. म्हणजे त्यांनी शंभर लिहिलं होतं. माझ्या शेजारणीचा पारा कुठे थांबला ते मी पाहिलं होतं. मिसनी माझ्या वहीवर लाल पेन्सिल टेकवली आणि कानडीत विचारलं, "पुस्तकात किती आहे?"

"शंभर, मिस."

"मग?"

"पण आलं सत्त्याण्णव. तीनदा आलं."

"थर्मामीटर वाईट आहे तुझा."

"बर्फात शून्य बरोबर दाखवतो, मिस."

इथे मी थांबायला हवं होतं, पण मी कुणाच्या घरात वाढले होते. वर्गात कुणीतरी हसलं, ते मिसना लागलं. "शंभर लिहून आण, पुढच्या सोमवारी सही करते," त्या म्हणाल्या. "नाहीतर थर्मामीटर बरोबर आहे असं तपासणाऱ्याकडून लिहून आण. तुझे वडील तेच करतात ना?" हे त्यांनी मला गप्प करायला म्हटलं. मला मात्र त्यात काहीच अवघड दिसलं नाही. नाना दोन ओळी लिहितील, संपलं.

घरी आले आणि नानांच्या फळीवरचं त्यांचं ऑफिसचं जाड पुस्तक काढलं, म्हटलं त्यांना विचारण्याआधी आपण पाहून ठेवावं. हवेचा दाब किती असला की पाणी कितीला उकळतं, याचं त्यात एक कोष्टक होतं. समुद्रकाठी शंभर. जितकं उंचावर जावं तितका हवेचा दाब कमी आणि तितकं पाणी लवकर, म्हणजे कमी तापूनच, उकळतं. बंगळूर समुद्रापासून तीन हजार फूट उंच. त्या उंचीच्या ओळीत सत्त्याण्णव होतं. आणि त्या ओळीखाली, पट्टी धरून मारलेली, नानांची लाल रेघ होती. कडेला त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, इथे हे धरावे.

आधी मला आनंद झाला, मी बरोबर होते याचा. मग स्वयंपाकघरातून झाकणाची थडथड ऐकू आली. दिवाळी जवळ आलेली, आई पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवत होती. मी ते पुस्तक हातात घेऊन तशीच उभी राहिले. पाणी रत्नागिरीला शंभरला उकळतं आणि इथे सत्त्याण्णवला, म्हणजे इथली शेगडी कितीही फुलवली तरी इथलं पाणी तितकं तापतच नाही. तितकं तापत नाही म्हणून डाळ तितक्या वेळात शिजत नाही. जगातल्या कुठल्याच बाईची शिजणार नाही. सगळा दोष त्या तीन अंशांचाच होता असं मी आज शपथेवर सांगणार नाही. इथलं विहिरीचं पाणीही जड होतं आणि जड पाण्यातही डाळ दडस राहते. पण आई त्यात कुठेच नव्हती. आणि नाना रोज ऑफिसात याच ओळीवर बोट ठेवून वाफेतले थर्मामीटर तपासत होते.

आठवडाभर नाना टाळत राहिले. आज उशीर झाला, उद्या बघू. रविवारी जेवताना मी पुन्हा विचारलं. आई वाढत होती, नानांच्या पानात वरण-भात होता.

"शाळेच्या कामात मी पडत नाही," नाना म्हणाले. "बाईंना शंभर हवेत ना? शंभर लिही."

"दिसलं सत्त्याण्णव."

"परीक्षा निराळी आणि काम निराळं. मोठी झालीस की कळेल."

"तुम्हाला ठाऊक आहे ते बरोबर आहे. तुमच्या पुस्तकात तुम्हीच रेघ मारली आहे."

नानांनी वर पाहिलं. माझ्या फळीला हात लावायचा नाही, असं काहीतरी ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यांचा चढत नसे. मला मात्र त्या शांत आवाजाचाच संताप आला. इतकी वर्षं "ऐकलंस ना?" त्याच आवाजात विचारलं जात होतं. मी उष्ट्या हाताने उठले, डाव्या हाताने ती वही काढली आणि त्यांच्या पानापुढे ठेवली.

"तुम्ही मला लिहून का देत नाही ते सांगू?" मी म्हणाले. "लिहून दिलंत तर ही वही खोटी पडते." आणि आईकडे वळून म्हणाले, "आई, इथलं पाणी रत्नागिरीइतकं तापतच नाही. उंचावर आहोत म्हणून. कितीही जाळ घाल. म्हणून डाळीला वेळ लागतो. तुझं काही चुकत नव्हतं."

आईच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिने ते खाली ठेवलं, पदराला हात पुसले. तिने मला काहीच विचारलं नाही. नानांना विचारलं, "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

नाना भात कालवत राहिले. मग म्हणाले, "ते ऑफिसातलं पाणी."

आजवर मी हे वाक्य पुष्कळदा उलटंपालटं करून पाहिलं आहे. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. मला वाटतं त्यांनी ते खरंच कधी जोडलं नव्हतं. ऑफिसात ते दाबाचा हिशेब धरल्याशिवाय एक थर्मामीटर सोडत नसत, आणि घरी आले की दोष धरायला बायको असे, मग दाबाची काय गरज. पण आत्याच्या चार दिवसांचं काय? तेव्हा तर त्यांना दिसलं होतं. दिसलं म्हणून तर त्यांनी माझी पेन्सिल थांबवली होती. मी पानं उलटून ते पान काढलं आणि कोऱ्या चार ओळींवर बोट ठेवलं. काही बोलले नाही, कारण मला रडू येत होतं आणि रडून बोललेलं या घरात धरत नसत.

आई खाली बसली. जेवणाच्या पंगतीत, नाना जेवत असताना, आई बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. तिने वही स्वतःकडे ओढली आणि माझ्याकडे हात पुढे केला. मला कळेना काय हवंय. "पेन्सिल," ती म्हणाली. आई चौथीपर्यंत शिकलेली, धोब्याला दिलेल्या कपड्यांच्या यादीपलीकडे तिने काही लिहिल्याचं मला आठवत नाही. तिने पहिल्या कोऱ्या ओळीत मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: साडेसात. आठ पस्तीस. एक तास पाच मिनिटं. दुसऱ्या ओळीत एक तास दहा. तिसऱ्या ओळीत एक तास सात. चौथ्या ओळीत पुन्हा एक तास दहा. कुठे अडखळली नाही, कुठे आठवावं लागलं नाही. तापात पडल्या पडल्या समोरच्या घड्याळात बघून तिने ते चार आकडे घेतले होते आणि दोन वर्षं डोक्यात ठेवले होते, कुणी विचारलंच तर असावेत म्हणून. शेऱ्याच्या रकान्यात चारही वेळा तिने एकच शब्द लिहिला: वन्सं.

मग वही मिटून तिने नानांना विचारलं, "भात वाढू?" नानांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. आईने वाढला नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी नाना नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडले. मला चिठ्ठी दिली नाही. मी वेणी घालत होते तेव्हा आई जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "शंभर लिही, कुमुद. तुला कॉलेजला जायचंय. माझं काय ते काल झालं." तिने ते मनापासून म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. तेव्हा मला वाटलं की मी खरेपणाने वागतेय. आता वाटतं त्यात अर्ध्याहून जास्त राग होता. शंभर लिहिलं तर नाना जिंकतील एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि मिसच्या टेबलावर मी वही ठेवली ती सत्त्याण्णववाली. चिठ्ठी आणली का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी सही केली नाही. ते गुण गेले, विज्ञानाची जागा गेली, आणि मी कला शाखेला गेले, पुढे टपाल खात्यात नोकरी केली. पत्रांची पाकिटं वजन करून देताना मी काट्याला नेहमी डोळा समोर लावून पाहत असे. लोकांना वाटे, बाई फारच काटेकोर.

डाळीची वही त्या रविवारपासून बंद झाली. नानांनी ती कपाटावर टाकली आणि आम्ही तिघांनी तिचं नाव काढलं नाही. आई डाळ भिजवायला लागली, एरंडेल घालायला लागली, कुणी काही बोललं नाही. नानांनी कधी चुकलो म्हटलं नाही. वरणात मीठ जास्त आहे, एवढं मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळा म्हणायला लागले. मी नोकरीला लागल्यावर प्रेशर कुकर आणला तेव्हा डाळ वीस मिनिटांत झाली. नानांनी ती खाल्ली आणि म्हणाले, आईच्या हातची चव नाही. आईने माझ्याकडे पाहिलं आणि दोघी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून हसलो. नानांविरुद्ध आम्ही एकत्र हसलो ती तेवढी एकच वेळ, आणि मला तिची अजूनही गोडी वाटते.

आई आधी गेली. नाना तिच्यानंतर सहा वर्षांनी. त्यांचं सामान आवरताना कपाटावरून ती वही खाली आली, वर बोटभर धूळ. मी ती टाकूनच देणार होते, पण टाकण्याआधी मला आईचं अक्षर पाहायचं होतं. तिचं दुसरं लिहिलेलं घरात काही उरलेलं नव्हतं. पान सापडलं. चार ओळी, सुटी अक्षरं, वन्सं, वन्सं, वन्सं, वन्सं. आणि प्रत्येक ओळीपुढे, बारीक, सुबक, शाईने लिहिलेलं: उशिरा नोंद. खाली नानांची सही. चारही ओळींना वेगवेगळी सही आणि प्रत्येक सहीखाली तारीख, ऑफिसच्या रीतीप्रमाणे.

म्हणजे त्यांनी मान्य केलं होतं. तारीख पाहिली तर ती त्या सोमवारचीच. मी वही घेऊन मिसच्या टेबलापुढे उभी होते त्या दिवसाची. चार सह्या करायला त्यांना वेळ झाला, माझ्यासाठी दोन ओळी लिहायला झाला नाही. आणि आई त्यानंतर सव्वीस वर्षं त्याच घरात होती, त्याच कपाटाखालून रोज ये-जा करत होती. आई ती वही पुन्हा कधीच उघडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.